विश्लेषण : जुने संगीत जुन्याच वाद्यांवर कशासाठी?

तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे संगीत त्याच काळातील वाद्यांवर वाजवणारे वाद्यवृंद आज युरोपभर आहेत. वरवर पाहता हा दूरदेशीच्या हौशी मंडळींचा छंद वाटेल. पण बुलढाणा जिल्ह्यातील डोणगावसारख्या गावात सप्ताह बसतो, तेव्हा हातात येणारी वीणा आणि पखवाज आणखी पन्नास वर्षांनी कोण बनवणार, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

हे वाद्यवृंद नेमके काय करतात?

युरोपात साधारण १४०० ते १६०० हा संगीतातील प्रबोधनकाळ, तर १६०० ते १७५० हा बरोक काळ मानला जातो. बाख, हँडल, विवाल्डी हे बरोक काळातले. त्यांच्या वेळी पियानो रूढ झालेला नव्हता, हार्प्सिकॉर्ड होता. त्यात तारेवर हातोडी पडत नाही, पिसाच्या नखीने तार छेडली जाते. व्हायोलिनला पोलादी तारांऐवजी आतड्यापासून केलेली तात असे. आपल्या सारंगीच्या मुख्य तारा आजही तातेच्याच असतात.

पुढे सभागृहे मोठी झाली, मोठा आवाज हवासा झाला आणि वाद्ये बदलली. जुनी वाद्ये संग्रहालयात गेली, रचना मात्र नव्या वाद्यांवर वाजत राहिल्या. १९५३ मध्ये व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकूर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉन्सेंटस म्युझिकस’ हा वाद्यवृंद सुरू केला. जुनी वाद्ये मिळवणे, जुने ग्रंथ वाचणे आणि सराव करणे यात चार वर्षे गेली. पहिला जाहीर कार्यक्रम झाला तो १९५७ मध्ये.

वाद्य बदलल्याने काय बिघडते?

स्वर तेच राहतात, पण त्यांचा स्वभाव बदलतो. हार्प्सिकॉर्डचा आवाज बोटाच्या जोराने लहान-मोठा करता येत नाही आणि स्वर लवकर विरतो. म्हणून त्या काळच्या वादकांनी स्वराभोवती छोट्या हरकतींची नक्षी रचली. वाद्याची मर्यादा हेच रचनेचे कारण होते. पियानोवर तीच नक्षी कधी कधी उगाच केलेली सजावट वाटते.

पट्टीचेही तसेच. बरोक संगीत वाजवणारे वृंद आज बहुधा अर्धा स्वर खाली लावतात. पेटीच्या भाषेत सांगायचे, तर आजच्या सफेद सहाच्या जागी त्यांची काळी चार येते. त्यामुळे तारांवरचा ताण कमी होतो, गळ्यावरचाही.

भारताशी याचा संबंध काय?

संबंध जुना आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर हे संगीत गोव्यात आले. अकबराने गोव्याला पाठवलेला हाजी हबीबुल्ला परतताना ऑर्गन घेऊन आला आणि १५८० च्या सुमारास दरबारी मंडळींनी तो नवलाने ऐकला. गोव्यातील चर्चच्या शाळांमधून पिढ्यानपिढ्या वादक घडले. त्याच परंपरेतील अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोवेकरांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला.

आपल्या पेटीचे काय?

पेटीही मूळची युरोपचीच. फ्रान्समध्ये १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले गेले. हाताने भाता ओढायची पेटी कोलकात्यात घडली आणि महाराष्ट्रात ती नाटकापासून भजनापर्यंत पोहोचली. मात्र तिच्यावर मींड निघत नाही आणि पट्टीचा स्वर जागचा हलत नाही.

ही अडचण मराठी माणसाच्या लक्षात फार लवकर आली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साथीने त्यांनी श्रुती हार्मोनियमचा प्रयोगही केला. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दार बंद ठेवले. बंदीने पेटी गेली नाही. आणि पेटीला मज्जाव होता म्हणून सारंगीचे दिवस परत आले, असेही झाले नाही.

मग हा शुद्धतेचा हट्ट आहे का?

हा आक्षेप खरा आहे. अमेरिकी अभ्यासक रिचर्ड तारुस्किन यांनी म्हटले होते की, ‘अस्सल जुने’ म्हणून जे ऐकवले जाते, त्यात आजचीच आवड अधिक असते. जुना श्रोता आता परत येणार नाही, हेही उघड आहे. म्हणून पेटी हद्दपार करा, असे म्हणणे चुकीचे ठरेल. भजनात ती आता घरचीच झाली आहे. पण नवे आले म्हणून जुने विसरलेच पाहिजे, असा नियम नाही. युरोपने पियानो टाकला नाही. त्याच्या शेजारी हार्प्सिकॉर्ड पुन्हा आणून ठेवला.

डोणगावने यातून काय घ्यावे?

युरोपला तुटलेला धागा पुस्तकांतून शोधावा लागला. आपल्याकडे तो अजून माणसांच्या हातात आहे. मिरजेत शिकलगार कुटुंबांनी शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्यासाठी भोपळा मंगळवेढा परिसरातून येतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने नाव टिकते. कारागीर टिकतो तो गिऱ्हाइकामुळे. तानपुऱ्याचे काम मोबाइलमधले अ‍ॅप करू लागले, तर मिरजेत नवा मुलगा हे काम शिकायला बसेल कशासाठी?

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा विणेकरी ती गळ्यात घेतो. हाच नियम वाद्य घडवणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला आणि शिकवणाऱ्यालाही लावायला हवा. मंडळाने नवे वाद्य घेताना स्वस्ताईआधी नाद पाहावा. पखवाजाला कणीक किती लावायची, वादी कशी ओढायची, हे जाणत्या माणसाने शाळेतल्या दोन मुलांना शिकवावे आणि त्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. याला मोठा निधी लागत नाही. मात्र हे जाणती माणसे हयात असतानाच करावे लागेल. नंतर करायचे, तर आधी पुस्तके धुंडाळावी लागतील. आणि आपल्याकडे यातले बरेचसे ज्ञान कधी पुस्तकात उतरलेलेच नाही.