तिसऱ्या खंडाचे निर्वहण

बिबवेवाडीत आमच्यापैकी एकाच्या घरी महिन्यातून एका रविवारी पदव्युत्तर वर्गाचे काही आजी-माजी विद्यार्थी जमतात. अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकांवर बोलायचे नाही, एवढाच तिथला नियम. गेल्या बैठकीत जस्टिन क्रोनिन या अमेरिकन लेखकाच्या रक्तपिपासूंच्या कादंबरी-त्रयीचा विषय निघाला. 'द पॅसेज' (२०१०) आणि 'द ट्वेल्व्ह' (२०१२) या पहिल्या दोन खंडांविषयी सर्वांचे जवळजवळ एकमत होते. तिसऱ्या खंडाने, 'द सिटी ऑफ मिरर्स'ने (२०१६), मात्र घरात दोन तट पाडले. चहा दोनदा झाला तरी वाद मिटला नाही. त्या वादाविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे, कारण त्यात आमचीही एक जुनी चूक गुंतलेली आहे.

ज्यांनी ही त्रयी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकी सरकारच्या एका गुप्त प्रयोगात फाशीची शिक्षा झालेल्या बारा कैद्यांना एका विषाणूची बाधा केली जाते. ते निसटतात आणि एक खंडप्राय देश उद्ध्वस्त होतो. एमी नावाच्या सहा वर्षांच्या मुलीलाही तीच बाधा दिलेली असते, पण ती माणूसपण हरवत नाही. तिसऱ्या खंडात या सर्वांचा मूळपुरुष, टिमथी फॅनिंग, समोर येतो.

पहिला आक्षेप या फॅनिंगविषयीच होता. त्याचे विद्यार्थिदशेतले दिवस, मित्राच्या पत्नीवरचे त्याचे प्रेम, रेल्वे स्थानकात तिची वाट पाहणे, हे सारे तो स्वतः प्रदीर्घ निवेदनातून सांगतो. 'राक्षसाला प्रेमभंग दिला आणि भीती संपली,' असे एका विद्यार्थिनीचे म्हणणे पडले. दुसरा आक्षेप उपसंहारावर होता. कथा एकदम हजार वर्षे पुढे जाते आणि एक इतिहासाचा अभ्यासक एमीपर्यंत पोहोचतो. हे शेपूट कशासाठी, असे अनेकांनी विचारले.

अशा मतांना 'वाचकांच्या प्रतिक्रिया' म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला ती चुकीची वाटते. 'शेवट फसला' असे वाचक म्हणतो तेव्हा पहिल्या पानापासून त्याच्याशी कोणता करार झाला होता हेच तो सांगत असतो. त्या कराराची भाषा शोधून देणे हे आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचे काम.

ती भाषा परकी नाही. नाट्यशास्त्राने पाच संधी सांगितल्या : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत पेरलेले बीज निर्वहणात फळाला आले पाहिजे, आणि तिथे अद्भुत रसाची योजना असावी, असे भरताचे मत. वर्गात आम्ही हे 'शाकुंतला'च्या आधाराने शिकवतो आणि तिथेच थांबतो. हीच मोजपट्टी त्या उपसंहाराला लावली तर दुसरा आक्षेप गळून पडतो. हजार वर्षांनंतरच्या एका इतिहास-परिषदेत सादर झालेले कागद 'द पॅसेज'मध्येच जागोजागी येतात. ती परिषद ज्या देशात भरते त्याचे नाव 'इंडो-ऑस्ट्रेलियन प्रजासत्ताक' आहे, याची आमच्या विद्यार्थ्यांना मोठी गंमत वाटली होती. बीज तिथेच होते. मुख्य भागात भोगलेले दुःख पुढच्यांच्या लेखी केवळ संशोधनाचा विषय होते, या जाणिवेतला अद्भुत आम्हांला तरी अस्सल वाटतो.

पहिला आक्षेप मात्र टिकतो. भयानकाकडून करुणाकडे जाण्यास आमची हरकत नाही, पण त्यासाठी घेतलेली पाने फार झाली आहेत. फॅनिंगचे दुःख समजते, परंतु एका माणसाच्या विरहाची किंमत म्हणून कोट्यवधी माणसे मरावीत, हे प्रमाण कादंबरीला शेवटपर्यंत पेलत नाही.

वादाच्या ओघात नारायण धारपांचे (१९२५–२००८) नाव निघणे अपरिहार्य होते. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून (१९७५) बेतलेली त्यांची 'लुचाई' ही रक्तपिपासूला मराठी मुलखात आणणारी कादंबरी. धारपांच्या अमंगलाला बहुधा चरित्र नसते. ते असते, पसरते, आणि 'समर्थ'कथांत तर त्याला परतवणारा पुरुषही ठरलेला असतो. पोथीच्या फलश्रुतीवर वाढलेल्या वाचकाला हा शेवट आश्वासक वाटतो आणि पाचव्या-सहाव्या पुस्तकानंतर तोच ठोकळेबाजही वाटू लागतो. फॅनिंगला नाकारणारी विद्यार्थिनी आणि समर्थांना कंटाळलेला तिचा वर्गमित्र एकाच प्रश्नाची दोन टोके धरून बसले होते : दुष्टाला कारण असावे की नसावे?

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने धारपांच्या कादंबऱ्यांतील शेवटांवर लघुप्रबंध लिहायचे म्हटले होते. 'हा साहित्याचा विषय नव्हे,' असे आम्ही त्याला सांगितले. त्याने मुकाट्याने विषय बदलला आणि ग्रामीण कथेवर एक नीटनेटका, निर्जीव प्रबंध सादर केला. त्याला चांगले गुण मिळाले. पुढे 'तुंबाड' (२०१८) पडद्यावर आला आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांच्या कथेचे ऋण सांगितले, तेव्हा आमचेच सहकारी धारपांवर उत्साहाने बोलू लागले. तो विद्यार्थी आम्हांला त्या वेळी आठवला. चित्रपटाच्या शिफारशीवाचून आम्हांला आमच्याच वाचकांचे ऐकता आले नव्हते.

आणि वेताळ तर आमच्या घरचाच. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा ग्रंथनामात 'व्हँपायर' हाच शब्द वापरला. कथासरित्सागरातल्या त्या कथामालेचा शेवट पाहावा. राजा प्रत्येक कोड्याचे उत्तर देतो आणि प्रत्येक वेळी प्रेत खांद्यावरून निसटते. अखेर पिता-पुत्र आणि माता-कन्या यांच्या उलटसुलट विवाहांतून जन्मलेल्या मुलांचे नाते काय, या प्रश्नावर तो निरुत्तर होतो. त्याच्या मौनाने वेताळ प्रसन्न होतो आणि कपटी भिक्षूपासून वाचण्याची युक्ती सांगतो. इथे प्रेतातला वेताळच तारणारा ठरतो. त्याला ना विरहकथा लागते, ना समर्थांसारखा प्रतिस्पर्धी. बीज पहिल्या कथेत, भिक्षूच्या विनंतीतच आहे.

त्या रविवारी निकाल लागला नाही. पण उठताना त्या विद्यार्थिनीने विचारले, 'सर, यावर लघुप्रबंध चालेल का?' राजाप्रमाणे मौन पाळण्याची सवलत आम्हांला नव्हती. आम्ही 'चालेल' म्हणालो. अभ्यासमंडळासमोर या उत्तराची बाजू मांडावी लागेल, तेव्हा ती आम्ही मांडू.