क्लोरीनचा दोष की नदीचा?

यमुनेतील अमोनिया वाढला, की वझिराबाद आणि चंद्रावल जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन घटते आणि दिल्ली-हरियाणा यांच्यातील आरोप-प्रत्यारोपांना ऊत येतो. टँकरपुढच्या रांगांची चर्चा होते. नळाला आलेल्या पाण्यात काय उतरले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

क्लोरीन हा शत्रू नव्हे. १९५५-५६च्या हिवाळ्यात वझिराबादपाशी यमुनेत सांडपाणी शिरले आणि दिल्लीत सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. वाढीव क्लोरीनमुळे विषमज्वराची साथ टळली, असे मानले जाते. काविळीची मात्र टळली नाही. पाणी मुळातच घाण असेल तर क्लोरीनही अपुरा पडतो, हा त्याचा धडा.

दुसरा धडा १९७४चा. पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन संयुगे तयार होतात, हे नेदरलँड्सचे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले. पाच वर्षांत अमेरिकेने त्यांवर मर्यादा घातली. असे पाणी दीर्घकाळ वापरणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे; कार्यकारणभाव अद्याप निर्विवाद नाही. म्हणूनच या भीतीपोटी निर्जंतुकीकरणात तडजोड नको, असे जागतिक आरोग्य संघटना बजावते. क्लोरीन मिसळण्यापूर्वीच पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये कमी करणे, हाच खरा उपाय. अमोनिया तर क्लोरीन खाऊन टाकतो आणि मात्रा वाढवणे भाग पडते.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२च्या मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. तथापि, नळाच्या पाण्यासाठी ते मानक सक्तीचे करण्यात आले नाही. २०१९ मध्ये ब्यूरोच्या चाचणीत दिल्लीचे अकराही नमुने नापास झाले, मुंबईचे सर्व उत्तीर्ण ठरले. तत्कालीन केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी सक्तीचा आग्रह धरला, दिल्ली सरकारने चाचणीवरच शंका घेतली आणि मूळ प्रश्न राजकारणात वाहून गेला.

शीतपेयांतील कीटकनाशकांसाठी २००३ मध्ये याच संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली होती. बाटलीविषयी दाखवलेली ती तत्परता नळाच्या वाट्याला आलेली नाही. पाणी हा राज्यांचा विषय असल्याचे सांगून केंद्राला हात झटकता येतील. पण यमुना राज्यांच्या सीमा पाळत नाही. मानक सक्तीचे करणे आणि प्रत्येक केंद्राच्या चाचण्यांचे निष्कर्ष नागरिकांसमोर ठेवणे, एवढे तरी सभागृहाला साधावे. बाटली विकत घेऊ न शकणाऱ्यांना नळाखेरीज पर्याय नाही.