विस्मरणाचा नियम आणि जन्माची मर्यादा

चारसहा जणांनी टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेका पात्राच्या वतीने बोलावे आणि फासे टाकीत मौखिक कथा पुढे न्यावी, असा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याची नियमपुस्तके आपल्याकडील अभ्यासक सहसा वाङ्मयबाह्य मानतात. मला ती लक्षणग्रंथांच्या जातीची वाटतात. कोणती कथा संभवते आणि कोणती नाही, हे ती आधीच ठरवून ठेवतात.

जादूगारावरील निर्बंध पाहावेत. त्याला चिलखत वर्ज्य. शस्त्र म्हणून केवळ खंजीर. दुसऱ्या पायरीवर चढण्यास योद्ध्याला २००० अनुभवांक पुरतात, त्याला २५०० लागतात. पहिल्या पायरीवर दिवसाकाठी एकच मंत्र, आणि तोही उच्चारताच स्मृतीतून पुसला जाणारा. ही विस्मरणाची कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातून आलेली आहे. पुष्कळ खेळाडूंना ती जाचक वाटली. २००८ पासूनच्या आवृत्त्यांत तर काही मंत्र हवे तितक्या वेळा योजता येतात. माझ्या मते या सवलतीने कथेचे नुकसानच केले. एकुलता मंत्र आता खर्चावा की राखावा, या द्विधेतच तर पात्र घडत असते!

ऐन वेळी मंत्र विसरणे म्हटले की आपल्याला कर्ण आठवणारच. शांतिपर्वात द्रोण त्याला ब्रह्मास्त्र नाकारतात, कारण ते व्रतस्थ ब्राह्मणाला किंवा तपस्वी क्षत्रियाला द्यावयाचे. तो ब्राह्मण म्हणवून परशुरामांकडे जातो. मांडी पोखरणाऱ्या किड्याची वेदना निमूट सोसल्यामुळेच त्याचे असत्य उघडे पडते आणि विस्मरणाचा शाप मिळतो. येथे विस्मरण आणि जन्म या दोन मर्यादा एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

जन्माची मर्यादा अमेरिकन खेळातही होती. १९७४च्या नियमांनुसार हॉबिट योद्ध्याने चौथ्या पायरीवर थांबावे, बुटक्याने सहाव्या. मनुष्याला मात्र अशी अट नाही. हॉबिटाने कितीही धन मिळविले (धनाचेही अनुभवांक मिळत), तरी चौथी ती चौथीच. खेळातील जग मानवकेंद्री राहावे, ही गायगॅक्स यांची भूमिका. पण ती भूमिका कथेतील कोणाच्याही तोंडी येत नाही. द्रोणांशी वाचकाला भांडता येते. कोष्टकाशी कसे भांडणार? हॉबिट थांबतो, आणि आपल्याला कोणी थांबविले हे त्याला कळतही नाही.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढली, ते योग्यच झाले. पण तेव्हाही बदलले ते कोष्टकच. त्यासाठी कोणा हॉबिटाला खोटे बोलावे लागले नाही, की वेदना सोसावी लागली नाही. पुढील सत्रात या दोन्ही आवृत्त्यांचे नियम शांतिपर्वातील त्या अध्यायांशेजारी ठेवून वर्गात वाचण्याचा माझा विचार आहे.