दीड मात्रेचं दुखणं

मंडळी, बऱ्याच दिवसांत इकडे फिरकले नाही. कारण सांगितलं तर हसाल. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा दिडकी शिकते आहे! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी... आमच्या पिढीने प्राथमिक शाळेत सुरात घोकलेली, नंतर आयुष्यभर कुणी विचारली नाही. ती अशी कीबोर्डच्या निमित्ताने दारात येऊन उभी राहील असं वाटलं नव्हतं.

झालं असं. आमची धाकटी नात, वय वर्षे नऊ, गेलं दीड वर्ष (बघा, इथेही दीडच) पाश्चात्त्य पद्धतीने कीबोर्ड शिकते. मुलगा-सून नोकरीवर, त्यामुळे संध्याकाळचा सराव माझ्या देखरेखीखाली. देखरेख म्हणजे काय, मी वाती वळत शेजारी बसायचं. त्यातून ते पाच रेघांचं वाचन मलाही थोडंथोडं कळू लागलं. दांडीवालं काळं गोळं म्हणजे क्रॉचेट, एक मात्रा. दांडीवालं पोकळ गोळं म्हणजे मिनिम, दोन मात्रा. काळ्याला शेपटी आली की क्वेव्हर, अर्धी मात्रा. इथवर सगळं सुरळीत होतं. मग एके दिवशी गोळ्याच्या शेजारी एक टिंब आलं आणि घरात रडारड सुरू झाली.

ती धून तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली, आनंदगीताची. ही सिंफनी 1824 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, तेव्हा बेथोव्हेनला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. बालपुस्तकांत ती धून हमखास असते, कारण सगळे स्वर शेजारीशेजारी आणि एकेका मात्रेचे. फक्त पहिल्या ओळीच्या शेवटी गंमत आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथे ग, रे, रे असे तीन स्वर आहेत. पहिला ग टिंबवाला क्रॉचेट, मग शेपटीवाला रे, मग दोन मात्रांचा रे. दीड, अर्धी, दोन. बेरीज चार.

बेरीज नातीला येत होती हो! टिंब म्हणजे त्या स्वराच्या निम्मं आणखी, हे तिने मला धडाधड सांगितलं. पण वाजवताना कधी ग दोन मात्रा लांबायचा, कधी ग आणि रे सारखेच व्हायचे. वहीत शेरा आला, "रिदम चुकतोय". क्लासात तिने विचारलं तर उत्तर मिळालं, "ऐकून वाजव, आपोआप येईल." ऐकून वाजवलं आणि आलंही. पुढच्या धड्यात दुसरी धून, तिथे तेच टिंब, आणि पुन्हा तीच चूक. एका संध्याकाळी तिने कीबोर्डवर कापड टाकलं आणि म्हणाली, "आजी, मला नाही शिकायचं. मी ढ आहे."

'ढ' हा शब्द मी पस्तीस वर्षं शाळेत ऐकला. खरं सांगायचं तर एक-दोनदा वापरलाही. त्यातलं एकदाचं नीट आठवतं, म्हणून आज हे लिहायला बसले.

मी मूळची मराठीची. पण शाळेत शिक्षक कमी, म्हणून काही वर्षं सहावीचं गणित माझ्या गळ्यात आलं. वर्गात एक मुलगा होता. पहाटे आमच्याच गल्लीत दूध घालायचा. दीड लिटर कुणाकडे, अडीच कुणाकडे, महिन्याचे पैसे किती, सगळं तोंडावर. आमच्याकडे रोज दीड लिटर. एकदा मीच हिशेबात चुकले, तर त्याने लाजत लाजत दुरुस्त केलं होतं. आणि हाच मुलगा फळ्यापुढे उभा राहिला की 'एक पूर्णांक एक छेद दोन' बघून गप्प. एकदा निरीक्षण होतं, मीही धास्तावलेली होते. सातची दीडपट किती, एवढंच विचारलं होतं. त्याला येईना. मी त्याला सगळ्यांदेखत ढ म्हटलं आणि वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे दूध त्याचा काका घालू लागला. सहावीनंतर मुलानेही शाळा सोडली. ती माझ्यामुळेच असं म्हणणार नाही, घरची कारणं होती. पण माझ्यामुळे नाही असंही छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्या मुलाला दीड येत होता. फळ्यावरचा दीड ओळखू येत नव्हता, आणि तोच हा दीड, हे दाखवणं माझं काम होतं. एक माप हातात धरून "हे बघ, तुझंच दूध" एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता?

तर नातीचं तेच. मी तिला म्हटलं, हॅपी बर्थडे म्हण बरं. तिने म्हटलं. त्यातला पहिला शब्द कान देऊन ऐका. 'हॅ' लांब आणि 'पी' आखूड. पुष्कळ पुस्तकांत तो टिंब देऊनच छापलेला असतो, पाऊण मात्रा आणि पाव मात्रा. तो कुणी मोजून म्हणतं का? म्हणजे घशात दीड आहे, पाऊण आहे. अडतंय ते कागदावर.

आता माझं मत सांगते, पटतंय का बघा. कागदावरचं टिंब किती लांबवायचं ते सांगतं, पण पुढची मात्रा नेमकी कुठे पडते ते दाखवत नाही. दीड मात्रेचा स्वर चालू असताना दुसरी मात्रा त्याच्या पोटात पडते. वाजत काही नाही, पण पडते. मुलाला ती दिसत नाही. "निम्मं आणखी" हा नियम शंभर वेळा सांगितला तरी ती दिसणार नाही.

हे मला कळलं ते भातखंड्यांमुळे. धाकटे दीर तबला वाजवतात, त्यांच्याकडे पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे भाग आहेत. त्यांच्या स्वरलिपीत प्रत्येक मात्रेला आपापली जागा असते. स्वर लांबला की पुढच्या जागेत आडवी रेघ, आणि एका मात्रेत दोन गोष्टी आल्या की खाली चंद्रकोरीसारखा कंस. मी तीच चार मात्रांची ओळ तशी लिहून पाहिली. पहिल्या जागेत ग. दुसरीत रेघ आणि रे, खाली कंस. तिसरीत रे. चौथीत रेघ. झालं! टिंब गायब. दुसरी मात्रा समोर, रे तिच्या उत्तरार्धात बसलेला. (भातखंड्यांकडेही टिंब आहे, पण ते स्वराच्या खाली दिलं की मंद्र सप्तक आणि वर दिलं की तार. पाश्चात्त्यांकडे गोळ्याच्या वर किंवा खाली टिंब आलं की स्वर तोडून वाजवायचा, शेजारी आलं की लांबवायचा. आणि आम्हा मराठीवाल्यांना डोक्यावर टिंब दिसलं की अनुस्वार! एका टिंबाने किती घरं सांभाळायची?)

मग नातीच्या पुस्तकात त्या टिंबाच्या वर पेन्सिलने बारीक 2 लिहिला. टिंब म्हणजे दोन. मोजताना 'दोन' तिथे म्हणायचं, बोट उचलायचं नाही.

मोजायचं कसं यावरही आमचा खल झाला. क्लासात 'वन अँड टू अँड'. मी हौसेने 'एक आणि दोन आणि' करायला गेले, तर 'आणि' दोन अक्षरी, पाय अडखळायला लागला. 'नि' केलं आणि गाडी रुळावर आली. एक नि दोन नि तीन नि चार नि. ग दाबायचा 'एक'ला, 'नि दोन' संपेपर्यंत धरायचा, पुढच्या 'नि'वर रे. आपले एक ते पाच सगळे एका दमाचे, सहा मात्र दोन अक्षरी. त्यामुळे सहाच्या चालीत 'सहा'ची घाई होते. तिथे आम्ही दादरा धरला, धा धी ना, धा ती ना. आणि त्या सहाच्या चालीत तर आणखी मौज. तिथे टिंबवाला क्रॉचेट म्हणजेच एक ठोका, तीन क्वेव्हरांचा. कालपर्यंतचा दीड तिथे एक होतो! नातीला हे लगेच कळलं, मला दोन दिवस लागले.

पाऊण-पावसाठी 'तिरकिट' कामी आलं. 'ति'ला पहिला स्वर, 'र' आणि 'कि' गिळायचे, 'ट'ला दुसरा. हे सुचलं तेव्हा मी फारच खूश झाले आणि दिरांना फोन करून सांगितलं की ही तर तुमची आडलय, दीडपट! ते म्हणाले, "वहिनी, घोटाळा करू नका. आडीत दोन मात्रांच्या वेळात तीन सारखे भाग बसवतात, तिथे चालच दीडपट होते. तुमच्याकडे लय तीच आहे, एक स्वर लांबलाय आणि दुसरा आखडलाय." खरं होतं ते. निवृत्त मास्तरणीला कुणी चूक दाखवली की बरं वाटत नाही, पण बरोबर ते बरोबर.

काही जण म्हणतील, कशाला हा खटाटोप, कानाने येतंच आहे ना? आमचे चिरंजीवही तेच म्हणाले. यूट्यूबवर वरून रंगीत पट्ट्या पडतात, त्या खाली आल्या की दाबायच्या, मुलं हां हां म्हणता धून वाजवतात. वाजवू देत, माझी हरकत नाही. आपल्याकडचं गाणं तर गुरूच्या तोंडूनच आलेलं आहे, कानाला मी कमी कसं लेखेन? पण कीबोर्ड शिकवणाऱ्याने पोरीच्या हातात पुस्तक दिलंय. तिच्या परीक्षेत न पाहिलेली ओळ समोर ठेवून वाजवायला सांगतात. तिथे ऐकवायला कुणी नसतं. अशा वेळी "आपोआप येईल" म्हणणं म्हणजे तिला पुस्तक देऊन ते वाचून दाखवणाऱ्याची वाट बघायला लावणं. आणि आलं नाही की दोष तिच्या माथी. यातलं शेवटचं मला सहन होत नाही. मूल मोजायला चुकत असेल तर मोजण्याची कुठली पायरी आपण गाळली ते आधी शोधावं, "ताल नाही अंगात" हे वाक्य फार पुढे ठेवावं. मी ते पुढे ठेवलं नव्हतं, म्हणून बोलते.

एक कबूल करते. पेन्सिलीचा 2 प्रत्येक ठिकाणी चालत नाही. दीड मात्रेचा स्वर 'नि'वर सुरू झाला तर 'दोन' टिंबावर पडत नाही, आधीच पडतो. तिथे सगळ्या मात्रा खाली लिहून काढाव्या लागतात. आम्ही अजून तिथे अडखळतो. परवा मी स्वतः वाजवायला बसले आणि तीनदा चुकले, तेव्हा शेजारी बसून वाती वळणारी (वाकड्यातिकड्या) ती होती.

काल तिने पुस्तकाचं शेवटचं पान काढून दाखवलं. एका क्रॉचेटला चक्क दोन टिंबं. "आजी, हे किती?" म्हटलं, तूच सांग. एक, अधिक अर्धी, अधिक त्या अर्धीची निम्मी. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, "वन अँड थ्री क्वार्टर्स." इंग्रजी शाळा ना! म्हटलं, त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, पावणेदोन. तिने तो दोन-तीनदा म्हणून पाहिला, आवडला असावा. मग लगेच, "आणि तीन टिंबं असली तर?"

म्हटलं, आधी जेवून घे.