अमॉक कोण होतो?

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. परवा तिच्या वहीत इंग्रजी शब्दांची एक रांग दिसली : अमॉक, बर्सर्क, फ्रेन्झी, रॅम्पेज. सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहिलेला, 'बेभान होणे'. "मामू, हे चारही सारखेच ना?" परीक्षेपुरते सारखेच, असे सांगून मी सुटलो. पण ते खरे उत्तर नव्हते.

'अमॉक' हा शब्द मलय भाषेतला. मूळ उच्चार 'अमुक'च्या जवळ जातो (आपल्या अमुक-तमुकाशी त्याचे नाते नाही). जुन्या मलय साहित्यात तो रणांगणावरचा शब्द आहे. जिवावर उदार होऊन शत्रूवर तुटून पडणे, असा त्याचा अर्थ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो उचलला आणि केरळच्या किनाऱ्यावर राजासाठी मरणाची शपथ घेणाऱ्या नायर योद्ध्यांनाही लावला. हे नायर हिंदू. म्हणजे तोवर या शब्दाला कुठला धर्म चिकटलेला नव्हता.

तो चिकटवण्याचा प्रयत्न इंग्रजांच्या अमलात झाला आणि त्याची कागदोपत्री नोंद आहे. साल १८४६, ठिकाण पेनांग. सुनान हा घरे बांधणारा एक मलय माणूस, लोकांत पत असलेला. जुलै महिन्यात एके दिवशी तो समोर येईल त्याला मारत सुटला. मेलेल्यांत एक म्हातारी हिंदू बाई होती, बापाच्या कडेवरची तीनेक वर्षांची मुलगी होती. हे भयंकर होते, त्यात दुमत नाही. खटल्यात समोर आले की त्याची बायको आणि मूल नुकतेच वारले होते आणि त्या दुःखाने तो खचला होता. पण गुन्हा, खटला आणि फाशी, सगळे आठवडाभरात उरकले. प्रेत दफनासाठी नातेवाइकांना द्यायचे नाही, ते चिरफाडीसाठी द्यायचे, असाही हुकूम झाला.

शिक्षा सुनावणारे न्यायाधीश सर विल्यम नॉरिस यांनी या प्रकाराचे मूळ आरोपीच्या धर्मात शोधले. त्यांचे म्हणणे १८४९ मध्ये एका नियतकालिकात छापून आले. मलय लोकांच्या अमॉकचा संबंध इस्लामशी आहे, हे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. गंमत अशी की त्याच वर्षी त्याच नियतकालिकात ऑक्सली नावाच्या डॉक्टरांनी लिहिले की हा मनाचा आजार आहे आणि त्याचे मूळ बिघडलेल्या पचनात आहे! एकाने कुराणाला जबाबदार धरले, दुसऱ्याने पोटाला. बायको-मूल गमावलेल्या माणसाच्या दुःखापाशी दोघेही थांबले नाहीत.

पुढे डॉक्टरांचेच वजन वाढले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या अधिकृत नियमावलीत 'अमॉक' हा विशिष्ट संस्कृतींशी बांधलेल्या विकारांच्या यादीत होता. शाळेत शिरून गोळ्या झाडणारा अमेरिकन मुलगा मात्र कुठल्या संस्कृतीचा विकार मानला गेला नाही.

आता 'बर्सर्क' घ्या. हा नॉर्स भाषेतला शब्द, अंगात आल्यासारखे लढणाऱ्या योद्ध्यांसाठीचा. एकोणिसाव्या शतकात जुन्या नॉर्स कथांची आवड वाढली तेव्हा तो इंग्रजीत रुळला. आज कोणी बर्सर्क झाला म्हणून नॉर्वेच्या माणसाकडे खुलासा मागत नाहीत. भाचीच्या वहीत दोन्ही शब्द शेजारी असले तरी त्यांचा प्रवास सारखा नाही.

हे सगळे वाचून 'बघा, इंग्रजांनी आपल्यावर कसा अन्याय केला' म्हणत थांबणे सोपे आहे. मला तिथे थांबायचे नाही, कारण या शब्दांची सवय आपल्यालाही आहे. आपण 'उद्रेक' म्हणतो, 'भावना भडकल्या' म्हणतो, 'पोरं आहेत, रक्त गरम आहे' म्हणतो. अमॉक म्हटले की कारण विचारावे लागत नाही. उद्रेक म्हटले की करणारा कोण हे विचारावे लागत नाही.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आपण वारंवार उगाळतो. उगाळायलाच हवा. ९०० माणसे गेली आणि जानेवारीतले हल्ले शिवसेनेने संघटितपणे चालवले, असा निष्कर्ष त्यात आहे. पण डिसेंबरबद्दलचा भाग आपण भाषणात वाचत नाही. बाबरी मशीद पाडल्यानंतर शांततेने सुरू झालेल्या निदर्शनांचे दंगलीत रूपांतर झाले आणि ती नेतृत्वहीन, चिडलेल्या मुस्लिम जमावांची उत्स्फूर्त प्रतिक्रिया होती, असे आयोग म्हणतो. विजयाच्या मिरवणुका आणि चिथावणीच्या घोषणा यांचा वाटाही तो नोंदवतो. डिसेंबर उत्स्फूर्त आणि जानेवारी संघटित, हा फरक करायला आयोगाला साक्षी-पुराव्यांची पाच वर्षे लागली. वर्तमानपत्रे तोच शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी वापरतात आणि आपण त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर. शिवाय 'उत्स्फूर्त' म्हणजे निर्दोष, असा अर्थ आपण परस्पर लावतो. आयोगाने तसा लावलेला नाही.

आणि उत्स्फूर्त वाटणारे सगळेच उत्स्फूर्त नसते. १३ एप्रिल २०१७ रोजी पाकिस्तानात मर्दानच्या अब्दुल वली खान विद्यापीठात मशाल खान या पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला जमावाने ठार मारले. त्याच्यावर ईशनिंदेचा आरोप होता. संतापलेला जमाव, अनावर भावना, हेच शब्द सगळीकडे होते. नंतर तपास पथकाने सांगितले की त्याने ईशनिंदा केल्याचा पुरावा नाही आणि हत्या पूर्वनियोजित होती. तो विद्यापीठ प्रशासनावर टीका करत होता. वसतिगृहातल्या खोलीपर्यंत गर्दी आपोआप पोहोचली नव्हती, ती पोहोचवली गेली होती.

म्हणून तुमच्या मोहल्ल्यातल्या पुढच्या बैठकीत कोणी 'पोरं भडकली' असे म्हणाले, तर एवढेच विचारा : संदेश कोणत्या गटात आला, किती वाजता आला, आणि तो पाठवणारा स्वतः त्या वेळी कुठे होता?