गेटवरचा दिवा कुणासाठी जळतो?



पावसाळ्यात सकाळी गेटजवळची फरशी कोण झाडतं? आपणच. तिथं काय पडलेलं असतं ते मी सांगायला नको. नुसता पंखांचा सडा. आदल्या संध्याकाळी आपण सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकलेली असतात, पाणी गाळून भरलेलं असतं आणि गेटवरचा ५० वॅटचा पांढरा फोकस मात्र १२ तास जळत असतो.

आमच्याकडेही हेच होतं. वायरमननी अंधार पडला की लागणारा सेन्सर बसवला, "ताई, आता बटणाची कटकट नाही" म्हणाले आणि आम्ही खूश. पण त्या सेन्सरला फक्त अंधार कळतो. अंगणात कुणी आहे का, हे कळत नाही.

"घराची राखण नको का?" सासूबाईंनी विचारलंच. हवी ना! गृहस्थाला विरोधी हिंसेची सवलत आहे ती त्यासाठीच. पण रिकाम्या अंगणात रात्रभर उजेड पाडून जीव जाळायचे, ही राखण नव्हे. हा सरळ सरळ अनर्थदंड आहे. बारा व्रतांतलं हे एक व्रत आपण पाठ म्हणतो आणि गेटवर विसरतो. (महिन्याला १८ युनिट वाचतात, पण माझं भांडण बिलासाठी नाही.)

चातुर्मासाआधी आम्ही पीआयआर सेन्सर लावला. माणसाच्या अंगाची ऊब समोर हलली की हा दिवा लावतो. मेन स्विच बंद करून काम वायरमनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. सेन्सरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, त्याची तिसरी वायर दिव्याच्या फेजला जाते. जुना सेन्सर काढायला लावा. 'लक्स'चं बटण अंधाराचं काम करतं, 'टाइम' एका मिनिटावर ठेवा. उंची सात-आठ फूट, आणि तोंड असं की येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. थेट समोरून चालत येणारा त्याला उशिरा कळतो. मांजरीनं सारखा लागत असेल तर 'सेन्स' कमी करा.

दिवाही बदला. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात. आमचा ९ वॅटचा, २७०० केल्विनचा आहे, वरून झाकलेला. जीव अजिबात मरत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण केरसुणीला फरक कळतो.

आता मंदिराच्या आवारातला तो मोठा फोकस. पुढच्या सभेत मी विषय काढणार आहे. माझ्या बाजूनं कोण बोलणार, आत्ताच सांगा.