शार्दुल १०.७५ कोटींचा की २ कोटींचा?

आपल्या पालघरचा शार्दुल ठाकूर. २०२२ च्या आयपीएल लिलावात दिल्लीने त्याला १०.७५ कोटींना घेतलं. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात मात्र कुणीच घेतलं नाही. मग लखनौने जखमी खेळाडूच्या जागी २ कोटींत घेतलं आणि २०२५ च्या शेवटी मुंबईने त्याच २ कोटींत ट्रेड करून आणलं.

माणूस तोच, मग भाव का बदलला? कारण भाव नुसत्या कौशल्याचा नसतो. घेणाऱ्याकडे किती पैसे उरलेत आणि त्याला नेमकं काय हवंय, यावरही ठरतो. २०२५ साठी प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती. मुंबईने पाच जण राखण्यातच ७५ कोटी लावले. बाकीचा अख्खा संघ ४५ कोटींत!

आता दुकानात या. बोईसरला माझ्याकडचा जुना मुलगा महिन्याला दोन हजार वाढवून मागत होता. मी म्हटलं, "बजेट नाही." तो एमआयडीसीत कामाला लागला. खरं सांगू? बजेट मी कधी मांडलंच नव्हतं. नवीन मुलगा तयार होईपर्यंत तीन महिने गिऱ्हाईक परत जात होतं. नुकसान दोन हजारांच्या कितीतरी पट झालं.

म्हणून माझं स्पष्ट मत: पगाराची मर्यादा आधी वहीत लिहा. ज्याच्याशिवाय दुकान अडतं, त्याला पहिल्यांदा राखा. उरलेल्या पैशांत अशी माणसं शोधा, ज्यांना काम येतं पण आज कुणी विचारत नाही.

तुमच्या दुकानात कुणाला राखाल? कमेंटमध्ये नक्की सांगा.